पार्सल कुठं आहे ते दिसतं, कुणाच्या ताब्यात आहे ते दिसत नाही

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

पत्रकार म्हटलं की लोक बातम्या देतात तसे प्रश्नही विचारतात. हल्ली सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे ट्रॅकिंगचा. मोबाईलचा स्क्रीनशॉट येतो आणि खाली एक ओळ असते, "हे 'बॅग डिस्पॅच्ड' तीन दिवसांपासून तसंच दाखवतंय, म्हणजे माझी वस्तू नक्की आहे कुठं?" कधी खासगी कुरिअर असतं, कधी सरकारी टपाल. कुणाचं शाळा सोडल्याचा दाखला अडकलेला असतो, कुणाचं औषध, कुणी बचत गटाचा मसाला पुण्याला पाठवलेला असतो.

आज कुणा एका पार्सलची तक्रार मांडायची नाही. हा प्रश्न किती जुना आहे आणि त्याला आधीच्या लोकांनी काय उत्तर दिलं होतं, ते बघू. ते बघितलं की आजचं ट्रॅकिंग नेमकं कुठं कमी पडतं हे स्पष्ट कळतं.

पैवस्ती

मराठेशाहीतली जुनी पत्रं ज्यांनी चाळली असतील त्यांना 'पैवस्ती' हा शब्द ठाऊक असेल. पत्र हाती पडलं की कारकून त्याच्यावरच पोचल्याची तारीख टाकायचा. पत्र लिहिल्याची तारीख वेगळी आणि पैवस्ती वेगळी. आज इतिहासाचे अभ्यासक या दोन तारखांवरून पत्राला वाटेत किती दिवस लागले ते काढतात. म्हणजे अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच्या पत्राचं ट्रॅकिंग आजही करता येतं, कारण ते पत्राच्या अंगावरच आहे.

पत्र न्यायला जासूद असत आणि महत्त्वाच्या कामाला त्यांची जोडी धाडत. एक वाटेत आजारी पडला तर दुसरा पुढं जाईल, हा साधा हिशेब. सावकारांची डाक वेगळी. ती किती चपळ होती हे पानिपतानं दाखवलं. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडं निघाले होते. त्यांना त्या संहाराची वार्ता वाटेत मिळाली ती एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. ज्याचे पैसे अडकलेले असतात त्याची डाक वेळेवर पळते. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

तारखेचा शिक्का का आला?

आता थोडं लांब जाऊ, इंग्लंडला. कारण आपलं आजचं टपाल खातं त्याच घडणीचं आहे. १६६१ साली तिथल्या टपालाचा प्रमुख होता हेन्री बिशप. पत्रं उशिरा मिळतात अशी लोकांची ओरड होती. त्यानं एक छोटा गोल शिक्का काढला, त्यात फक्त महिना आणि दिवस. पत्र कचेरीत आलं की तो मारायचा. उद्देश उघड होता. पत्र नेणाऱ्यानं ते वाटेत दाबून ठेवलं तर त्याची चोरी तारखेनं उघडी पडावी. पुढं असे शिक्के कलकत्त्याच्या टपालातही वापरले गेले.

हे नीट लक्षात घ्या. टपालाचा तारीख-शिक्का, ज्याला आपण पोस्टाचा छाप म्हणतो, तो जन्मालाच आला टपाल खात्याला जाब विचारता यावा म्हणून. पुढं लोकांना सवयच लागली. पत्राच्या एका बाजूला निघाल्याचा छाप, दुसऱ्या बाजूला पोचल्याचा छाप. आपल्याकडची म्हातारी माणसं पोस्टकार्ड हातात आलं की मजकुराआधी छाप बघायची. "साताऱ्याहून सोमवारी निघालं, आपल्या पोस्टात गुरुवारी आलं आणि आज शनिवारी देतोस होय?" पोस्टमनला हा प्रश्न विचारायला इंटरनेट लागत नव्हतं.

सह्यांची साखळी

देशभर एका व्यवस्थेखाली टपाल आलं ते १८५४ साली, लॉर्ड डलहौसीच्या काळात. तेव्हा ७०१ पोस्टं होती. त्याआधी अंतर वाढलं की दर वाढायचा. आता वजनावर एकच दर आणि तिकीट आगाऊ लावायचं. साध्या पत्राला छाप पुरत होता. मोलाच्या वस्तूसाठी मात्र रजिस्टर करायची सोय आली आणि तिथं खरं ट्रॅकिंग सुरू झालं.

रजिस्टर टपालाची पद्धत अशी होती. खिडकीवर पावती मिळाली. तिचा नंबर यादीत चढला. यादी आणि वस्तू दोन्ही एका पिशवीत, पिशवीला लाखेचं सील. पुढच्या कचेरीत पिशवी उघडणारा यादीशी वस्तू ताडून घेणार आणि आपल्या नावावर घेणार. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये तर हे काम धावत्या गाडीत चालायचं. १८६३ साली अलाहाबाद ते कानपूर या मार्गावर त्याची सुरुवात झाली. शेवटी पोस्टमनच्या वहीत घेणाऱ्याची सही. पोचपावतीचे पैसे भरले असतील तर तीच सही परत पाठवणाऱ्याच्या घरी.

म्हणजे वस्तू जितक्या हातांतून गेली तितक्या नोंदी. हरवली तर खात्याला चौकशी मागं मागं नेता यायची, 'तू कुणाकडून घेतलीस, कुणाला दिलीस?' महिने लागायचे, पण साखळी जिथं तुटली तिथं एक माणूस सापडायचा. वाटेत वस्तू कुठं आहे ते लोकांना दिसत नव्हतं. ती कुणाच्या अंगावर आहे हे मात्र कागदावर ठरलेलं होतं.

१८७७ साली व्ही.पी. आली. माल घ्या, पैसे पोस्टमनला द्या. ज्याला आज आपण कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतो ती हीच. गावोगावच्या किती घरांत पुण्या-मुंबईची पुस्तकं 'व्ही.पी. सोडवून' आली असतील! १८८० साली मनीऑर्डर आली. गिरणगावातला चाकरमानी कोकणात पैसे पाठवायचा आणि काही दिवसांनी त्याच्या हातात पोचपावती यायची, त्यावर आईचा अंगठा. तो अंगठा म्हणजे त्या काळातलं 'डिलिव्हर्ड'. आणि तो पाठवणाऱ्याच्या हातात असायचा, खात्याच्या कपाटात नव्हे.

कायद्यानं काढून घेतलेली गोष्ट

हे सगळं छान वाटत असलं तरी त्या काळाच्या आठवणीत रमायचं कारण नाही. कारण त्याच काळात १८९८ चा भारतीय टपाल कायदा आला. त्याचं कलम ६ वाचण्यासारखं आहे. टपालात वस्तू हरवली, चुकीच्या माणसाला दिली, उशीर झाला किंवा खराब झाली तर सरकारवर जबाबदारी नाही. सरकारनं स्वतःहून जेवढी स्पष्ट शब्दांत पत्करली असेल तेवढीच. कर्मचारीसुद्धा जबाबदार नाही, त्यानं फसवणूक केली किंवा मुद्दाम केलं असेल तरच.

एकीकडं सह्यांची साखळी आणि दुसरीकडं हे कलम. साखळीनं दोषी माणूस सापडायचा, खातं त्याच्यावर खातेनिहाय कारवाई करायचं. ज्याची वस्तू गेली त्याच्या हातात मात्र फारसं काही पडत नव्हतं. स्वातंत्र्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा आला, ग्राहक मंच आले, पण तिथंही टपाल खात्याच्या बाजूनं हेच कलम ढालीसारखं पुढं केलं जात राहिलं.

खासगी कुरिअरवाले वेगळे आहेत असं समजू नका. त्यांच्या पावतीच्या मागं बारीक अक्षरांत नुकसानभरपाईची मर्यादा छापलेली असते. १९९६ साली एका निर्यातदाराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं अशी १०० डॉलरची मर्यादा ग्राह्य धरली होती, कारण सही करून दिलेल्या कागदावर ती होती. पावती उलटी करून वाचायची सवय आपल्याला कुणी लावली नाही.

वेलणकरांचा पिन आणि त्याच्या पुढची वाट

१५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. कारण साधं होतं. एकाच नावाची गावं अनेक, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत, अक्षर वाचता येत नाही. आपल्याच राज्यात पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते मोजून बघा. सहा आकड्यांत विभाग, उपविभाग, छाननीचा जिल्हा आणि शेवटी पोस्ट ऑफिस. जे हस्ताक्षराला जमलं नाही ते आकड्यांनी केलं.

पण एक गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. देशात आज जवळपास १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसं आहेत आणि पिन कोड मात्र १९ हजारांच्या आसपास. म्हणजे एकेका पिनखाली अनेक गावांची शाखा पोस्टं येतात. पिन वस्तूला तालुक्यापर्यंत किंवा मोठ्या गावापर्यंत आणतो. पुढचे आठ-दहा किलोमीटर माणसाच्या ओळखीवर चालतात. वाडी कुठली, घर कुणाचं, सून माहेरी गेलीय का, हे सगळं त्या एका ग्रामीण डाकसेवकाच्या डोक्यात असतं. आणि हा डाकसेवक खात्याचा नियमित कर्मचारी नाही. चार-पाच तासांच्या कामाच्या हिशेबानं त्याला भत्ता मिळतो. २०२५ साली 'डिजिपिन' आला, चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला स्वतःचा दहा अक्षरी पत्ता. त्या चौकोनापर्यंत चालत जाणारा माणूस मात्र तोच आहे.

बारकोडचा काळ

१ ऑगस्ट १९८६ ला आपल्याकडं स्पीड पोस्ट सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेत फेडएक्सनं आपल्या माणसांच्या हातात बारकोड वाचणारं यंत्र दिलं, आणि १९९४ साली गिऱ्हाईकाला इंटरनेटवर स्वतःचं पार्सल बघता येऊ लागलं. इथून 'ट्रॅकिंग' या शब्दाचा अर्थ बदलला. आतापर्यंत नोंद खात्यासाठी होती. आता ती लोकांना दाखवायची गोष्ट झाली.

आपल्याकडं स्पीड पोस्टचं इंटरनेट ट्रॅकिंग २००२ च्या सुमारास आलं. तुमच्या पावतीवरचा तेरा अक्षरांचा नंबर बघा. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची खूण. त्या नऊपैकी शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून गणितानं काढलेला असतो, नंबर चुकीचा टाइप झाला तर संगणकाला कळावं म्हणून. जगभरच्या टपालांनी मिळून ठरवलेली ही पद्धत आहे. नंबरात खोट नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये 'दर्पण' योजना आली. देशातल्या १ लाख २९ हजार ग्रामीण शाखांना हातातली यंत्रं द्यायची असं ठरलं. २०२५ साली नवी संगणक प्रणाली देशभर लागू झाली. त्याच वर्षी रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा म्हणून संपली आणि स्पीड पोस्टमध्ये मिसळली. वरचे पैसे भरून 'रजिस्ट्रेशन' किंवा 'ओटीपी'ची जोड घेता येते.

मग चुकतं कुठं?

पहिली गोष्ट, प्रवासात प्रत्येक वस्तू स्कॅन होत नाही, पिशवी स्कॅन होते. तुमचं पाकीट पिशवीत गेलं की 'आयटम बॅग्ड'. त्यानंतर पिशवी उघडेपर्यंत संगणक फक्त पिशवीला ओळखतो. पिशवी कुठल्या फलाटावर पडून राहिली, तर स्क्रीनवर शेवटची ओळ तशीच राहते. तीन दिवस 'बॅग डिस्पॅच्ड'चा अर्थ इतकाच, की पिशवी निघाल्याची नोंद आहे, पोचल्याची नाही. आत तुमची वस्तू आहेच हेसुद्धा गृहीत धरलेलं असतं.

दुसरी गोष्ट, शेवटची वाट. डोंगराच्या आड नेटवर्क नाही, यंत्राची बॅटरी उतरलेली. मग नोंद पोस्टात परतल्यावर, सगळ्या वस्तूंची एकदम. दुपारी बाराला मिळालेली वस्तू संध्याकाळी पाचला 'डिलिव्हर्ड' दिसते, तोवर ठीक. पण ज्या घरी जायचंच राहिलं त्याचीही नोंद त्या गठ्ठ्यात टाकता येते, 'दार बंद' म्हणून. कागदाच्या काळात खोटं लिहायला खोटी सही करावी लागायची आणि तो गुन्हा आहे हे करणाऱ्याला कळायचं. आता एक बटण दाबलं की झालं.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी. स्क्रीन तुम्हाला ठिकाण सांगते, ताबा सांगत नाही. कचेरीचं नाव दिसतं, ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याचं नाही. जुन्या साखळीतली नोंद खात्याच्या आत गेली आणि आपल्या वाट्याला फक्त तिची सावली आली. त्यामुळं माणूस दिवसातून दहा वेळा नंबर टाकून बघतो, आणि जाब विचारायचा कुणाला हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

'डिलिव्हर्ड' या शब्दाचं वजन

कुणी म्हणेल, एवढं काय, चार दिवस उशिरा मिळेल पार्सल. ते पार्सलपुरतं ठीक आहे. कायद्यात मात्र या एका शब्दावर माणसाचं बरंच काही ठरतं.

१८९७ चा जनरल क्लॉजेस कायदा, कलम २७. बरोबर पत्ता घालून, पैसे भरून, रजिस्टर टपालानं कागद पाठवला की तो नेहमीच्या मुदतीत पोचला असं धरलं जातं. नाही पोचला हे सिद्ध करायचं ओझं घेणाऱ्यावर. चेक न वटल्याची १३८ ची नोटीस घ्या. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात. २००७ साली सुप्रीम कोर्टानं अशा नोटिशीलाही हे गृहीतक लागू धरलं. नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्याला एक वाट ठेवली, ती म्हणजे कोर्टाचं समन्स मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे भरायचे.

हे गृहीतक उभं आहे ते सह्यांच्या त्या जुन्या साखळीवरच्या विश्वासावर. रजिस्टर टपाल म्हणजे हातोहात नोंद, म्हणून कोर्टानं मान दिला. आता नोंदच गठ्ठ्यानं पडत असेल आणि 'डिलिव्हर्ड' किंवा 'घेण्यास नकार' हे शब्द घरी न जाता उमटू शकत असतील, तर तो मान कशाच्या जोरावर राहणार? बँकेची नोटीस, जमिनीच्या दाव्याचा कागद, नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं, सगळं याच वाटेनं येतं. शहरातल्या माणसाला ईमेल असतो, वकील असतो. वाडीवरच्या माणसाला तोच एक डाकसेवक असतो.

नवा कायदा, जुनंच कलम

१८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा पोस्ट ऑफिस कायदा आला, १८ जून २०२४ पासून लागू झाला. मला वाटलं होतं, सव्वाशे वर्षांनी जबाबदारीचा प्रश्न नव्यानं मांडला जाईल. कलम १० वाचा. नियमांत जेवढी सांगितली असेल तेवढी सोडून आपल्या सेवेबाबत पोस्ट ऑफिसवर कसलीही जबाबदारी नाही. कर्मचाऱ्यावरही नाही, फसवणूक किंवा मुद्दाम केलेलं सोडून. भाषा नवी, ढाल तीच.

आणि नियमांत काय सांगितलेलं असतं? १८९८ च्या कायद्याखालच्या नियमांत स्पीड पोस्टसाठी भरपाई ठरली होती ती अशी: हरवलं तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. पन्नास रुपये भरून पाठवलेल्या दाखल्याचे शंभर रुपये. दाखला पुन्हा काढायला विद्यापीठात दोन फेऱ्या मारल्या तर एसटीचं भाडंच त्याहून जास्त होतं.

तोवर आपण काय करायचं

पावती मिळाली की लगेच तिचा फोटो काढा, शाई महिन्याभरात उडते. 'डिलिव्हर्ड' दिसतंय आणि वस्तू नाही, तर तोंडी भांडत बसू नका. नंबर घालून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. टपाल खात्याचा टोल फ्री नंबर १८००-२६६-६८६८ आहे, केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरही नोंदवता येतं. आणि एक हत्यार आपण विसरतो. टपाल खातं माहिती अधिकाराच्या कक्षेत आहे, खासगी कुरिअर नाही. दहा रुपयांच्या अर्जावर 'अमुक नंबरची वस्तू कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीनं दिली, त्या नोंदीची प्रत द्या' असं मागता येतं. उशीर करू नका, जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात.

पण मागणी यापेक्षा मोठी हवी. शाखा पोस्टात प्रत्येक वस्तू स्वतंत्र स्कॅन व्हावी. सही किंवा ओटीपी ही वरच्या पैशांची चैन न राहता नोंदणी केलेल्या प्रत्येक वस्तूचा भाग असावी, आणि ती पाठवणाऱ्याला स्क्रीनवर दिसावी. डाकसेवकाला पूर्ण पगार आणि चालणारं यंत्र मिळावं, कारण चार तासांच्या भत्त्यात आठ तासांची खरी नोंद मागणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. आणि चुकीच्या 'डिलिव्हर्ड'ची भरपाई नियमांत लिहिली जावी.

१६६१ साली एका गोल शिक्क्यानं जे लोकांच्या हातात दिलं, ते २०२५ च्या प्रणालीनं परत द्यावं, एवढंच मागणं आहे. खासदारांच्या भेटीला जाताना रस्ते आणि पाण्याच्या निवेदनाखाली हा एक मुद्दा जोडा. मसुदा मी लिहून देतो.

घरात जुनी पोचपावती, व्ही.पी.ची पावती किंवा दोन्ही बाजूंना छाप असलेलं पोस्टकार्ड असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका, नाव-पत्ता झाकून. किती दिवसांत पोचलं होतं ते तारखा बघून लिहा. आजच्या ट्रॅकिंगशी ताडून बघू.